घरचा पेडलबोर्ड: पेडल्स पक्की बसवायची, पण निघणारी

प्रश्न थोडक्यात असा. गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, पायाने चालवायची सहा पेडल्स आहेत: ट्यूनर, वाह (हे पायाने मागेपुढे डोलवायचं), ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कोरस आणि डिले. त्यातली तीन बॉस कंपनीची. घरात पडलेल्या प्लायच्या तुकड्यावर स्टेशनरीच्या दुकानातला चिकट वेल्क्रो लावून ती बसवली, पण पंधरा दिवसांत एकेक सुटायला लागलं. वाह तर दर दोन गाण्यांनी उचकटतं. आता बॉसचं रबरी बूड काढून टाकावं का, सरळ स्क्रू मारावेत का, आणि घरी केलेला बोर्ड कार्यक्रमांना नेण्याइतका टिकतो तरी का?

टिकतो. नीट केलेला घरचा बोर्ड वर्षानुवर्षं टिकतो आणि तुमच्याच पेडल्सच्या मापाचा असल्यामुळे पायाला जास्त सोयीचा पडतो. वेल्क्रो का सुटला हे मात्र आधी समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

पाय पेडलला खाली दाबतो. त्या दाबाने पेडल कधी सुटत नाही, उलट वेल्क्रो आणखी घट्ट बसतो. सुटायची कारणं वेगळी. कोणाचा तरी पाय केबलमध्ये अडकतो आणि ती ओढली जाते. वाह टाच-चवडा करताना मागेपुढे डोलतं. आणि बोर्ड बॅगेत उभा, आडवा, कधी उलटा प्रवास करतो. वेल्क्रोचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवून बाजूला सरकवायचा प्रयत्न करा, हलणार नाहीत. तेच एका कडेने वर सोलायला घ्या, सहज निघतात. म्हणजे आडव्या ताणाला वेल्क्रो चांगला आणि सोलण्याला कच्चा. वाह डोलतं तेव्हा दर हालचालीला एक कड सोलली जाते. उंच पेडलच्या जॅकला केबलचा हिसका बसला की तेच होतं. म्हणून सगळ्या पेडल्सना एकच उपाय लावू नका. कोणत्या पेडलवर कसला ताण येतो आणि त्याचं बूड कसलं आहे, हे बघून ठरवा.

दुसरं असं की तुमच्या बाबतीत बहुधा वेल्क्रोचे आकडे सुटले नसून त्याचा गोंद सुटला असणार. पट्टी पेडलच्या बुडावर किंवा फळीवरून सोलून आली असेल तर दोष पृष्ठभागाचा आणि गोंदाचा. त्यावर खाली सविस्तर लिहितो.

आधी फळीचं माप. बॉसचं छोटं पेडल साधारण ७३ मिमी रुंद आणि १२९ मिमी लांब असतं. नेहमीचं क्रायबेबी प्रकारचं वाह १०२ मिमी रुंद आणि २५४ मिमी लांब. वाह उजव्या टोकाला उभं ठेवलं तर ते दोन्ही ओळी खातं. त्याच्या डावीकडे पुढच्या ओळीत तीन आणि मागच्या ओळीत दोन पेडल्स बसतात. रुंदीचा हिशेब: १०२ अधिक तीन वेळा ७३, म्हणजे ३२१. दोन पेडल्सच्या मध्ये केबलचे चपटे, काटकोनी (एल) जॅक समोरासमोर येतात, त्यांना किमान ३० मिमी लागतात. अशा तीन जागांचे ९०. दोन्ही टोकांना २५-२५. एकूण ४६१ मिमी. लांबीला दोन ओळींचे २५८ आणि मधली ४० मिमी मोकळी जागा, एकूण ३०० मिमीच्या आत. म्हणजे २० इंच बाय १२ इंचाची फळी तुम्हाला पुरते आणि थोडी जागाही उरते. फळी कापायच्या आधी हे सगळं वर्तमानपत्रावर मांडा, जॅक आणि पॉवरच्या पिना प्रत्यक्ष लावून. काही पेडल्सचं पॉवर सॉकेट मागे नसून बाजूला असतं आणि तिथे ३० मिमीचं गणित बिघडतं. कागदावर मांडलेल्या पेडल्सवर उभं राहून पाय फिरवून बघा. मागच्या ओळीतलं पेडल दाबताना बुटाचं टोक पुढच्या पेडलच्या नॉबला लागत असेल तर मागच्या ओळीखाली १८ मिमी प्लायची पट्टी द्या, तेवढी उंची पुरते.

फळीसाठी १२ मिमीचा प्लाय घ्या. १८ मिमीचा कशाला? २० बाय १२ इंचाचा १२ मिमी प्लाय साधारण सव्वा किलोचा होतो, १८ मिमीचा जवळजवळ दोन किलोचा. सहा पेडल्स आणि पॉवर सप्लाय त्यावर चढला की हा फरक खांद्याला कळतो. १२ मिमीची फळी मध्ये लवू नये म्हणून खालून मध्यावर एक लाकडी बॅटन फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून बसवा. दमट हवेत राहत असाल तर वॉटरप्रूफ ग्रेडचा प्लाय घ्या. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही. फर्निचरचं काम करणाऱ्या कोणत्याही सुताराकडे एवढा तुकडा उरलेला असतो, आणि तो गुणिया लावून सरळ कापूनही देतो.

उतारासाठी दोन्ही बाजूंना त्रिकोणी पाखं द्या. पुढे १० मिमी आणि मागे ६० मिमी उंची ठेवली तर उतार साडेनऊ अंशांच्या आसपास येतो. मागची ओळ पायाला सहज मिळते आणि फळीखाली पॉवर सप्लाय ठेवायला जागा होते. यापेक्षा जास्त उतार केला तर टाच अधांतरी राहते आणि वाह वापरताना पोटरी भरून येते.

दुसरा मार्ग पट्ट्यांच्या बोर्डाचा. अमेरिका-युरोपात इकेआच्या गोर्म नावाच्या लाकडी शेल्फपासून असे बोर्ड करायची मोठी लाट आली होती. पट्ट्या, मध्ये फट, आणि फटीतून केबल खाली. आपल्याकडे स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे अॅल्युमिनियमचे चौकोनी सेक्शन मिळतात, त्यांचे तुकडे दोन बाजूंच्या एल पट्ट्यांवर पॉप रिव्हेटने बसवले की हलका आणि दणकट सांगाडा होतो. ज्यांना पेडल्स सतत बदलायची असतात त्यांना मी हाच सांगतो. तुमची सहा पेडल्स ठरलेली आहेत, तेव्हा तुम्ही प्लायच घ्या, आणि दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत २५ मिमी रुंदीच्या दोन-तीन लांबट खाचा कापून घ्या. पॉवरच्या वायरी त्यातून खाली जातात.

आता पृष्ठभाग. कच्च्या प्लायवर चिकट वेल्क्रो टिकत नाही. गोंद लाकडाच्या सुट्या तंतूंना आणि भुश्शाला चिकटतो आणि तेच घेऊन वर येतो. ऑइलपेंट मारून दुसऱ्या दिवशी वेल्क्रो लावला तरी फसतं, कारण वरून कोरडा वाटणारा रंग आतून मऊ असतो. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे फळीला पातळ मॅट सनमायका लावून घेणे. तो गुळगुळीत असतो, धूळ धरत नाही आणि पुसता येतो. कडा पॉलिश पेपरने घासून त्यांवर सीलर किंवा वॉर्निश मारा, कारण पावसाळ्यात ओल शिरते ती कडांतून.

वेल्क्रो लावायच्या आधी सनमायका आणि पेडलचं बूड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. थिनर वापरू नका, पेडलचा रंग आणि छापील अक्षरं जातात. पट्टी लावली की अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने जोर देऊन सगळीकडे दाबा. अॅक्रिलिक गोंदाला पूर्ण पकड यायला खोलीच्या तापमानाला सुमारे ७२ तास लागतात. त्या तीन दिवसांत पेडल बसवू नका, काढघाल करू नका. बहुतेकांचा वेल्क्रो इथेच वाया जातो: संध्याकाळी लावला, रात्री प्रॅक्टिसला नेला. स्वस्त पट्ट्यांचा गोंद रबरी जातीचा असतो आणि तो उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मऊ पडून सरकतो. पैसे वाचवायचे तर प्लायमध्ये वाचवा, वेल्क्रोत नको.

फळीवर मऊ बाजू आणि पेडलला काटेरी बाजू लावा. फळीचा बराच भाग उघडा राहतो, तिथे काटेरी बाजू असली तर मोज्यांचे धागे आणि केस गोळा करत बसते. फळीवरच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना स्टेपल गनने दोन-दोन पिना मारा. सोलणं नेहमी टोकापासून सुरू होतं, ते टोकच धरून ठेवलं की गोंदावरचा भार खूप कमी होतो.

आता बॉसच्या रबरी बुडाकडे येऊ. त्या रबराला गोंद धरत नाही. रबरातलं तेलकट द्रव्य हळूहळू वर येतं आणि गोंदाला सोडवतं. पुसून, घासून थोडा फायदा होतो, पण तो टिकत नाही. रबर काढता येतं. हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं गरम करून एका कोपऱ्यापासून सावकाश सोललं तर ते अखंड निघतं, मग उरलेला चिकटपणा अल्कोहोलने पुसायचा. पण पुढे पेडल विकायचं असेल तर मूळ रबर नसण्याने किंमत उतरते. म्हणून बॉसच्या पेडल्सना मी सायकलच्या चेनचा उपाय करतो, आणि तुम्हीही तोच करावा असं माझं मत आहे.

सायकलच्या दुकानात टाकून दिलेली जुनी चेन फुकट मिळते. चेन तोडायच्या हत्याराने पिना बाहेर काढल्या की बाहेरच्या कड्यांच्या सपाट पाकळ्या सुट्या होतात. इंग्रजी आठच्या आकाराची ही पाकळी साधारण एक मिलिमीटर जाडीची असते, दोन टोकांना दोन भोकं, दोन्हींमध्ये बरोबर अर्धा इंच. आतल्या कड्यांच्या पाकळ्या घेऊ नका, त्यांची भोकं मोठी असतात. पाकळ्या रॉकेलमध्ये बुडवून ग्रीस काढा, कोरड्या पुसा. आता पेडल उलटं करा. बॉसचं बूड चार कोपऱ्यांच्या चार स्क्रूंनी धरलेलं असतं. त्यातला एक स्क्रू काढा, पाकळीचं एक भोक त्यावर ठेवा, दुसरं टोक पेडलच्या बाहेर डोकावेल असं फिरवा आणि स्क्रू परत आवळा. समोरासमोरच्या तिरप्या दोन कोपऱ्यांना अशा दोन पाकळ्या पुरतात, जास्त वापराच्या पेडलला चारही लावा. मग पेडल फळीवर जागेवर ठेवून पाकळीच्या बाहेरच्या भोकातून पेन्सिलीने खूण करा, बारीक ड्रिलने आरंभीचं भोक पाडा आणि अर्ध्या इंचाचा चपट्या डोक्याचा लाकडी स्क्रू आवळा. फळी १२ मिमीची आणि स्क्रूही जवळपास तेवढाच, त्यामुळे पाकळीची जाडी वजा जाता टोक खालून फारसं बाहेर येत नाही. आलंच तर कानशीने घासून टाका, नाहीतर खालच्या वायरींना ते कापतं.

पाकळीमुळे मूळ स्क्रू एखादा मिलिमीटर कमी आत जातो. तो पुरेसे आटे धरत नाही असं वाटलं तर मूळ स्क्रू हार्डवेअरच्या दुकानात नेऊन त्याच आट्यांचा, दोनच मिलिमीटर लांब स्क्रू मागा. त्याहून लांब घेऊ नका, आत सर्किटची पाटी असते. ही जोडणी कितीही हलवा, सुटत नाही. पेडलला कुठेही भोक पडत नाही, गोंदाचा डाग राहत नाही, आणि पेडल काढायला दोन स्क्रू उघडले की काम झालं. बॉसची बॅटरी पायाने दाबायच्या वरच्या दांडीखालून निघते, त्यामुळे बूड बंद असलं तरी अडत नाही.

एमएक्सआर कंपनीच्या पेडलसारख्या छोट्या धातूच्या डबीला सपाट धातूचं बूड असतं, त्यावर वेल्क्रो उत्तम धरतो. तिथे आणखी एक काम करा. काटेरी पट्टी बुडाच्या पूर्ण आकाराची कापा आणि चार कोपऱ्यांच्या स्क्रूंसाठी पट्टीला भोकं पाडून, वॉशर घालून स्क्रू तिच्यावरून आवळा. आता गोंद सोडून गेला तरी पट्टी पेडललाच अडकलेली राहते. ट्यूब स्क्रीमर टीएस९सारख्या पेडल्सचं बॅटरीचं झाकण बुडाला असतं, तेवढी जागा मोकळी ठेवून पट्टी कापा. सीरियल नंबरचं लेबल पट्टीखाली जाणार असेल तर आधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि लेबलवर गोंद लागू देऊ नका.

थ्रीएमचा ड्युअल लॉकही बरेच जण वापरतात. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, छत्रीसारख्या डोक्यांचे बारीक प्लास्टिकचे खांब एकमेकांत कटकट वाजत अडकतात. पकड वेल्क्रोच्या कितीतरी पट जास्त. पण पूर्ण बुडाला लावलात तर काढताना पेडलचं बूड वाकेल किंवा सनमायका उचकटेल. इंचभराचे दोन तुकडे पुरे, आणि काढताना सरळ वर न ओढता एका कडेने सावकाश उचला.

वाहला वेल्क्रोही नको आणि ड्युअल लॉकही नको. त्याला स्क्रूच हवेत. ज्या वाहच्या बुडाला चार रबरी पाय स्क्रूने बसवलेले असतात, त्याचे पाय काढा, कागद बुडावर ठेवून भोकांच्या जागी पेन्सिल घासा आणि तो कागद फळीवर चिकटवून तिथे आरपार भोकं पाडा. मग फळीच्या खालून, वॉशर घालून, मूळ स्क्रूंपेक्षा लांब मशीन स्क्रू त्याच आट्यांत आवळा. फळी १२ मिमीची असेल तर मूळ लांबीत १२ मिमी आणि वॉशरची जाडी मिळवून त्यातून रबरी पायाची जाडी वजा करा. काढलेले पाय आणि स्क्रू पिशवीत घालून जपून ठेवा.

एखादं पेडल मित्राचं असेल, त्याला काहीच लावायचं नसेल, तर दोन्ही बाजूंना भोकं पाडून केबल टायने बांधा. डबीच्या आकाराच्या पेडलवर टाय नॉब आणि स्विचच्या मधून जातो. बॉसवर हे जमत नाही, टाय दांडीवर येतो. फेविक्विक, एपॉक्सी, ग्लू गन आणि फोमचा दुहेरी टेप यांतलं काहीच पेडलला लावू नका. पहिले दोन कायमचे चिकटतात, ग्लू गनचा गोंद गुळगुळीत धातूवरून हिसक्याने सुटतो आणि फोम उन्हाने ताणला जाऊन पेडल सरकत राहतं.

पेडल्स बसली. पण केबलचा हिसका अजून थेट जॅकलाच बसतोय, त्याचा बंदोबस्त केला नाही तर वरची मेहनत अर्धीच राहते. फळीच्या उजव्या कडेला एक छोटी धातूची डबी बसवा आणि तिच्यात ६.३५ मिमीचे दोन पॅनल जॅक पाठीला पाठ लावा: टिपला (टोकाच्या जोडाला) टिप, स्लीव्हला (बाहेरच्या जोडाला) स्लीव्ह सोल्डर करा, मध्ये शील्ड असलेली वायर वापरा. बाहेरून गिटारची केबल, आतून वाहकडे जाणारी छोटी पॅच केबल. डाव्या टोकाला अँपकडे जाणाऱ्या केबलसाठी तशीच दुसरी डबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं सामान मिळतं. आता कोणी केबलवर पाय दिला तरी ताण फळीवर येतो. सोल्डरिंग जमत नसेल तर निदान केबल फळीतल्या खाचेतून एक वेढा घालून मग जॅकला लावा.

पॉवरबद्दल मोजकंच. तुमच्यासारख्या बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, असं लागतं. तरी प्रत्येकावरचं चिन्ह बघा, उलट पोलॅरिटीने पेडल मरू शकतं. साधं अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह १० मिलिअँपिअरच्या आसपास घेतं, डिजिटल डिले ५० ते १०० सहज घेतो. डिले आणि डिस्टॉर्शन एकाच डेझी चेनवर (एकाच सप्लायमधून अनेक पेडल्सना जाणाऱ्या वायरीवर) असले की बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ शकतो. म्हणून निदान डिलेला वेगळा, आयसोलेटेड (बाकीच्यांपासून अलग) आउटपुट द्या. पीएनपी ट्रान्झिस्टरचा जुन्या धाटणीचा पॉझिटिव्ह ग्राउंड फझ पेडल पुढे कधी घेतलंत तर ते डेझी चेनवर अजिबात जोडू नका, सप्लाय शॉर्ट होतो. सप्लाय फळीखाली वाहपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, डावीकडे बसवा. वाहच्या आतली कॉइल ट्रान्सफॉर्मरची गुणगुण पकडते आणि ती मग डिस्टॉर्शनमधून मोठी होऊन बाहेर पडते.

२३० व्होल्टची उघडी जोडणी फळीवर करू नका. तयार बंद सप्लाय घ्या आणि त्याची वायर क्लॅम्पने फळीला धरा. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला मंडपात हमखास कोणीतरी देतं. तो कधीही ऐकू नका. गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अँपमध्ये बिघाड झाला आणि अर्थ नसेल, तर ओठ माइकला लागताच शॉक तुम्हाला बसतो. जनरेटरवरच्या मंडपात अर्थिंग तपासून मगच प्लग लावा.

सगळं झालं की गादीवर बोर्ड उलटा धरून जोरात हलवा. जे सुटायचं असेल ते घरीच सुटू दे. मग वाजवत असताना प्रत्येक जॅक हाताने किंचित हलवून खरखर येते का ऐका. बाजूच्या पाख्यांखाली रबरी पाय लावा, चकचकीत स्टेजवर आख्खा बोर्ड सरकतो. महिन्या-दोन महिन्यांनी पाकळ्यांचे स्क्रू एकदा आवळा आणि पावसाळ्यात त्या पाकळ्यांना गंज दिसला तर नेलपॉलिशचा किंवा वॉर्निशचा हात द्या.

बॅगेसाठी हार्मोनियम-तबल्याच्या बॅगा शिवणाऱ्याकडे बोर्ड घेऊनच जा. सगळ्यात उंच नॉबच्या वर २ सेंटीमीटर जागा, आतून १० मिमी फोम आणि केबलसाठी बाहेर वेगळा कप्पा, एवढं सांगा. हँडल अशा बाजूला लावायला सांगा की बोर्ड हातात धरल्यावर वाहची बाजू खाली येईल. ते सगळ्यात जड असतं आणि ते वर राहिलं तर चालताना बोर्ड गुडघ्यावर आदळत राहतो.